आधी कानाचं ऐका

आपल्याकडे आवाजाची चर्चा सुरू झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: आवाज कोणाचा? मशिदीचा की मंडळाचा, उरुसाचा की जयंतीचा, त्यांचा की आपला? तो किती मोठा होता, किती वेळ चालला आणि ज्यांच्या कानांवर पडला त्यांचं काय झालं, हे प्रश्न मागाहून येतात. बहुतेक वेळा येतच नाहीत. या उलट्या क्रमाची किंमत मी गेली बारा वर्षं मोजतो आहे. माझ्या कानांना रोजचे साधे आवाजही सोसत नाहीत. आणि मी मुसलमान असल्यामुळे आवाजाबद्दल तोंड उघडलं की मी कोणत्या बाजूने बोलतोय हे समोरचा आधी तपासतो.

म्हणून सुरुवात कानापासून करतो.

स्टीलच्या ताटावर पडलेला चमचा, कुकरची शिट्टी, फरशीवरून ओढलेली खुर्ची, गाडीचा रिव्हर्स हॉर्न, लिफ्टचं दार उघडं राहिलं की सुरू होणारी पिपाणी. यातला एखादा आवाज झाला हे तुमच्या ध्यानातही राहत नसेल. माझ्या कानात तो सुईसारखा जातो. हे अलंकारिक बोलणं नाही. खरोखर दुखतं, आणि कधी कधी ती ठणक तासभर राहते.

दुसरा एक प्रकार आहे. कुणी मचमच करत जेवत असेल, सारखं नाक ओढत असेल, पेनचं बटण टिकटिक दाबत बसलं असेल, तर कान दुखत नाही. पण छाती धडधडू लागते, जबडा आवळला जातो आणि असा संताप दाटून येतो की तिथून उठून जावंसं वाटतं. समोरचं माणूस कितीही लाडकं असलं तरी. घरच्या माणसांच्या आवाजांचाच त्रास जास्त होतो, असं हा विकार असलेले बरेच जण सांगतात.

पहिल्या प्रकाराला हायपरअ‍ॅक्युसिस म्हणतात, दुसऱ्याला मिसोफोनिया. मिसोफोनिया हा शब्द २००१ साली मार्गारेट आणि पावेल जास्त्रेबॉफ या अमेरिकेत काम करणाऱ्या दांपत्याने रूढ केला. ग्रीकमधून घेतलेल्या या शब्दाचा अर्थ आवाजाचा तिटकारा. २०२२ साली तज्ज्ञांच्या एका समितीने त्याची सर्वसंमत व्याख्या प्रसिद्ध केली आणि त्याला विकार म्हटलं. ब्रिटनमध्ये २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे १८ टक्के लोकांना मिसोफोनियाचा जाच होण्याइतका त्रास असल्याचा अंदाज निघाला. म्हैसूरच्या विद्यार्थ्यांवरही असा अभ्यास झालेला आहे. म्हणजे हे परदेशी चोचले नाहीत. काही जणांना माझ्यासारखे दोन्ही त्रास असतात.

लोकांचा एक समज असा की अशा माणसाचे कान फार तीक्ष्ण असतात. तसं नसतं. माझी श्रवणचाचणी सर्वसाधारण माणसासारखीच येते. फरक वरच्या टोकाला आहे. निरोगी माणसाला साधारण १०० डेसिबलच्या आसपास आवाज असह्य वाटू लागतो. माझी ती मर्यादा ७० च्या आसपास भरली. साधं बोलणं सुमारे ६० डेसिबलचं असतं. म्हणजे बोलणं आणि दुखणं यांच्यात माझ्याकडे फारच थोडी जागा उरते.

असं का होतं? संशोधकांची एक महत्त्वाची मांडणी अशी: कानाकडून येणारा संदेश मेंदू जसाच्या तसा घेत नाही, गरजेनुसार वाढवून किंवा दाबून घेतो. ही वाढवण्याची व्यवस्था बिघडली, वरच्या बाजूला अडकली, की साधा आवाजही अंगावर येतो. मोठ्या आवाजाचा मारा, डोक्याला मार, अर्धशिशी, चेहऱ्याचा लकवा अशी निमित्तं सापडतात; अनेकदा कारण सापडतही नाही. स्वमग्न मुलांमध्ये हा त्रास बऱ्याच प्रमाणात दिसतो. मिसोफोनियाचं यंत्र थोडं वेगळं. न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली दाखवलं की चावण्याचे किंवा श्वासाचे आवाज ऐकताना या लोकांच्या मेंदूतला 'अँटिरिअर इन्सुला' हा भाग प्रमाणाबाहेर जागा होतो. कोणत्या गोष्टीकडे तातडीने लक्ष द्यायचं हे ठरवण्यात या भागाचा वाटा असतो. माझ्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर यंत्रणा ठीक चालली आहे, पण अलार्मची मर्यादा चुकीच्या आकड्यावर लावली गेली आहे. आग लागल्यावर वाजायची ती घंटा फोडणीच्या धुरालाही वाजते.

ही माहिती माझ्यापर्यंत पोचायला चार वर्षं लागली. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी त्रास सुरू झाला. कानाच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून सांगितलं, सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका. खालाने दम केलेलं पाणी आणून दिलं. ते मी तिच्या मायेसाठी प्यायलो. अब्बांचे एक दोस्त म्हणाले, "मिलिटरीत असतास तर काय केलं असतंस?" चुलतभावाने एका वाक्यात निदान केलं: "इत्ता क्या नाजूक है रे तू!" आपल्याकडे पुरुषाने आवाजाचा त्रास होतो असं सांगणं म्हणजे मर्दपणातली खोट. बाईने सांगितलं तर ती चिडकी, सुनेने सांगितलं तर ती नखरेल, मुलाने सांगितलं तर ते हट्टी. ज्या दुखण्याची जखम दिसत नाही, त्याची सुनावणी आधी स्वभावाच्या कोर्टात होते.

शेवटी एका ऑडिओलॉजिस्ट बाईंनी आवाजाच्या सहनशक्तीची वेगळी चाचणी घेतली आणि दुखण्याला नाव दिलं. त्यांनी पहिल्याच भेटीत एक ताकीद दिली: कानात कापूस किंवा बोळे घालून दिवस काढायचे नाहीत. हे उलटं वाटतं, कारण आवाज दुखतो तर आवाज बंद करावा हाच सरळ हिशेब आहे. पण मेंदूचा हिशेब वेगळा. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांना दोन आठवडे कानात बोळे घालायला दिले, आणि दुसऱ्या खेपेला कानात मंद सळसळ सोडणारी उपकरणं दिली. बोळे घातल्यावर त्यांना आवाज आधीपेक्षा मोठे वाटू लागले, सळसळ ऐकल्यावर आधीपेक्षा लहान. शांतता वाढली की मेंदू आवाज शोधण्यासाठी स्वतःची कळ आणखी वर फिरवतो. म्हणून घर काचेच्या पेटीसारखं बंद करणं हा उपाय नव्हे, ती खोल जाणारी विहीर आहे.

माझ्या खोलीत आज पंखा बाराही महिने चालू असतो, थंडीतही. रात्री पावसाच्या आवाजाचं रेकॉर्डिंग अगदी मंद लावलेलं असतं. हा पार्श्वभूमीचा आवाज असला की चमचा पडल्याचा धक्का थोडा बोथट होतो. मिसोफोनियासाठी मी संज्ञानात्मक वर्तनोपचार घेतले. अ‍ॅमस्टरडॅममध्ये या पद्धतीवर पद्धतशीर चाचण्या झाल्या आहेत आणि तिचा काही रुग्णांना उपयोग होतो असं दिसलं आहे. माझा त्रास त्याने गेला नाही, पण आवाज आणि संताप यांच्यामध्ये दोन-तीन सेकंदांची फट तयार झाली. त्या दोन-तीन सेकंदांत माणूस उठून पाणी पिऊन येऊ शकतो. कुणाचं मन दुखवल्याशिवाय जगायला तेवढी फट पुष्कळ आहे.

सगळ्यात मोठा फरक पडला तो मात्र औषधाने नाही, एका शब्दाने. अम्मी मिक्सर लावण्याआधी हाक देते, "मिक्सर!" बस. आवाज तेवढाच असतो, पण तो येणार हे मला ठाऊक असतं आणि मी हवं तर बाजूच्या खोलीत जाऊ शकतो. अचानक येणारा, आपल्या हातात नसलेला आवाज जेवढा लागतो, तेवढा माहीत असलेला लागत नाही. दस्तरखानावर मी बायकोच्या समोर नाही, शेजारी बसतो, पंखा वाढवतो, खुर्च्यांच्या पायांना रबरी बुटं घातली आहेत, बाजारात ती वीस-तीस रुपयांना मिळतात. मधूनच उठलो तर कुणी कारण विचारायचं नाही, असा घरात करार आहे.

माझी मुलगी तीन वर्षांची आहे. ती हसताना किंचाळते. बापाने सगळ्यात जास्त ऐकावा असा तो आवाज, आणि तोच माझ्या कानात सर्वात जोरात टोचतो. मी चेहरा कितीही सावरला तरी मुलं चेहरे वाचतात. आपल्या हसण्याने अब्बा आक्रसतो असं तिला वाटत राहिलं, तर तिचं हसणंच कमी होईल, ही माझी खरी भीती होती. म्हणून तिच्याशी खेळताना मी वादक वापरतात तसले, आवाज फक्त थोडा कमी करणारे फिल्टरचे प्लग घालतो आणि ते कशासाठी हे तिला सांगितलं आहे. आता ठोकळ्यांचा मनोरा पाडण्याआधी तीच ओरडते, "अब्बा, आवाज!" आणि मग पाडते. तीन वर्षांच्या मुलीला जे जमतं, ते शहराला का जमू नये, हा या लेखाचा प्रश्न आहे.

घराबाहेर हा करार करायचा कुणाशी? कचेरीत आमची बसायची जागा म्हणजे एक मोठा दालनवजा हॉल. भिंती नाहीत, शंभरेक कीबोर्ड, पॅन्ट्रीतला मायक्रोवेव्ह. नॉइज कॅन्सलेशनचे हेडफोन हा सगळ्यांनी सुचवलेला उपाय. हे हेडफोन आलेल्या ध्वनिलहरीच्या उलटी लहर तयार करून तिला मारतात. एसीची घरघर, बसच्या इंजिनाचा एकसुरी आवाज यांवर ते उत्तम चालतं. पण अचानक आदळलेलं दार किंवा खणखणलेला चमचा येऊन जातो तेव्हा त्यांचा फारसा उपयोग होत नाही. माझा त्रास नेमका तिथेच. मी जेवण एकटा करतो म्हणून एका वर्षीच्या मूल्यमापनात "टीममध्ये मिसळत नाहीत" असा शेरा आला. मी पॅन्ट्रीपासून लांबची जागा मागितली, तर कोणत्या नियमाखाली द्यायची असा प्रश्न मनुष्यबळ विभागाला पडला. प्रश्न कागदोपत्री बरोबर होता. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारच्या अपंगत्वांची यादी आहे. त्यात ऐकू न येणं आहे. ऐकणं सोसवत नसणं नाही. जागा मला अखेर मिळाली, ती एका समजूतदार मॅनेजरमुळे, हक्क म्हणून नाही. मॅनेजर बदलले की ही समजूत पुन्हा पहिल्यापासून घालायची.

आता त्या अवघड जागेकडे येतो. मी राहतो त्या मोहल्ल्यातल्या मशिदीवर चार भोंगे होते. अजान मला प्रिय आहे. लहानपणापासून माझा दिवस तिनेच कापून दिलेला आहे. त्रास अजानचा नाही, भोंग्याचा आहे, आणि त्याचं कारण तांत्रिक आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. मनोऱ्यावरच्या भोंग्याचा आवाज १६० मीटरवर ६० डेसिबल ऐकू यायला हवा असेल, तर १० मीटरवर तो ८४ डेसिबल होणार. त्यात अ‍ॅम्प्लिफायर कुवतीपलीकडे ताणलेला असला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज कानाला जास्त कर्कश लागतो. म्हणजे दूरच्या घरापर्यंत पोचण्यासाठी जवळचं घर भाजून काढायचं, अशी ही रचना आहे. आणि मशिदीच्या सर्वात जवळचं घर कुणाचं असतं? मुसलमानाचंच. मंडपासमोर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीच्या सर्वात जवळ कुणाची मुलं नाचत असतात? त्याच मंडळाच्या कार्यकर्त्यांची. आपला आवाज सर्वात आधी आपल्याच माणसांचे कान खातो.

मी हा विषय जमातीपुढे मांडला तेव्हा २०२२ चा एप्रिल नुकताच होऊन गेला होता. मशिदींवरचे भोंगे उतरवण्यासाठी ३ मेची मुदत राजकीय सभेतून जाहीर झाली होती, वातावरण तापलेलं होतं. मशिदीचे सदर माझं सगळं ऐकून घेऊन हसत म्हणाले, "बेटा, तुम्हारे कान का सवाल हमारी नाक का सवाल बन गया है." त्यांचं म्हणणं मला पुरतं समजलं. धमकी आल्यावर आवाज कमी केला तर तो शेजारधर्म दिसत नाही, शरणागती दिसते. ज्यांनी धमकी दिली त्यांना कानांचं काही पडलेलं नव्हतं. त्यांनी कानाचा प्रश्न नाकाचा केला. पण त्या नाकाच्या लढाईत भोंग्याखालच्या घरातली रात्रपाळी करून आलेली नर्स, अर्धशिशीने पडलेली म्हातारी आणि नुकतंच झोपलेलं तान्हं बाळ यांची बाजू मांडायला कुणीच उरलं नाही. बैठकीनंतर तीन जणांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की आमच्याही घरात त्रास आहे. हळूच, हे महत्त्वाचं. आपल्याच लोकांत आवाजाबद्दल बोलायला आवाज खाली करावा लागतो.

दोन वर्षं लागली. चारातले दोन भोंगे उतरले, उरलेल्यांचा रोख शेजारच्या इमारतीच्या खिडक्यांवरून वळवला, अ‍ॅम्प्लिफायर बदलला. वाज आणि बयान आता आतल्या छोट्या स्पीकरवर होतात. माझी पूर्ण मागणी मान्य झाली नाही, पण पहाटेची अजान मी आता कानावर हात न ठेवता ऐकू शकतो. यात धर्मातलं काही गमावलं असं मला वाटत नाही. अजान तेराशे वर्षं यंत्राशिवाय दिली गेली. लुकमानने आपल्या मुलाला केलेल्या उपदेशात चालीबरोबर आवाजाचाही संयम आहे, हे मदरशात जाणाऱ्या मुलालाही ठाऊक असतं. सौदी अरेबियाने मे २०२१ मध्ये मशिदींच्या बाहेरच्या स्पीकरचा आवाज एक तृतीयांशावर आणण्याचा आणि ते फक्त अजान व इकामतसाठी वापरण्याचा आदेश काढला. मुंबईत २०२५ साली काही मशिदींनी अजान मोबाइल अ‍ॅपवरून पोचवायला सुरुवात केली. ज्याला हाक हवी आहे त्याच्या खिशात ती जाते. इंजिनिअर म्हणून मला हा उपाय सुबक वाटतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही: नियम नेहमी आम्हालाच का? नियम निवडक लावले जातात, हे आपण सगळे पाहतो. पण त्याचं उत्तर आपणही मोजणं सोडून देणं हे नसून सगळ्यांचं मोजणं हे आहे. हा मार्ग या राज्यात काही लोकांनी चालून दाखवला आहे. मुंबईत डॉ. यशवंत ओक यांनी आयुष्यातली अनेक वर्षं ध्वनिप्रदूषणाविरुद्ध घालवली. सुमैरा अब्दुलअली ध्वनिमापक घेऊन गणपती, दिवाळी आणि ईद-ए-मिलाद या सगळ्यांचे आकडे मोजत आल्या. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकरांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली लाउडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असं सांगितलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा तेच सांगितलं. सप्टेंबर २०२४ मध्ये याच न्यायालयाने म्हटलं की गणेशोत्सवातला कर्कश आवाज घातक असेल तर ईद-ए-मिलादच्या मिरवणुकीतलाही तेवढाच घातक आहे. या वाक्यात नाकाला जागा नाही, फक्त कान आहे.

चर्चा माणसांवर गेली की काय होतं, याचं एक जुनं उदाहरण आमच्या व्यवसायाच्या मूळपुरुषाचंच आहे. संगणकाची कल्पना मांडणारा चार्ल्स बॅबेज लंडनच्या रस्त्यांवरच्या वाद्यवाल्यांनी हैराण झाला होता. त्याने १८६४ मध्ये त्याविरुद्ध लिहिलं, त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने रस्त्यावरच्या संगीतावर कायदाही केला. पण बॅबेजची लेखणी आवाजावर थांबली नाही. ती गरीब वाद्यवाल्यांवर आणि त्यांना ऐकणाऱ्या सामान्य लोकांवर घसरली. लोकांनी सूड म्हणून त्याच्या खिडकीखाली मुद्दाम वाद्यं वाजवली. त्याचा त्रास खरा होता. पण तक्रार एका वर्गाविरुद्धची झाली आणि त्रास चेष्टेचा विषय बनला. आपल्याकडे आज जो माणूस फक्त दुसऱ्याच्या धर्माच्या आवाजाविरुद्ध बोलतो, तो माझ्यासारख्या प्रत्येक रुग्णाची तक्रार संशयास्पद करून ठेवतो.

कायदा याबाबतीत आपल्यापेक्षा समंजस आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल इतकी मर्यादा घालतात. रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांच्याभोवती १०० मीटरपर्यंतच्या शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४० आहे. डेसिबलचं गणित गुणाकाराचं असतं: ५५ ऐवजी ८५ म्हणजे ऊर्जा हजारपट. सर्वोच्च न्यायालयाचा या विषयावरचा मोठा निकाल १८ जुलै २००५ चा. त्यामागच्या याचिकेचं निमित्त एका १३ वर्षांच्या मुलीवरचा बलात्कार होता. मोठ्याने चाललेल्या संगीतात तिच्या किंकाळ्या कुणाला ऐकू गेल्या नव्हत्या. बोलण्याच्या स्वातंत्र्यात दुसऱ्याला जबरदस्तीने ऐकवण्याचा हक्क येत नाही, ही त्या निकालाची भूमिका. आवाज माझ्यासारख्याचे कान दुखवतो एवढंच नाही; तो शेजारच्याची हाकही गिळतो.

मग करायचं काय? जानेवारी २०२५ च्या निकालातल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. एक, तक्रारदाराची ओळख उघड करायची नाही. नाव कळलं नाही तर बाजूही कळत नाही, आणि पोलिसाला फक्त आवाज मोजावा लागतो. दोन, सर्व धर्मांच्या स्थळांवरच्या ध्वनियंत्रणेतच डेसिबलची मर्यादा बसवण्याचा विचार सरकारने करावा. हे तंत्र अवघड नाही. ठरावीक पातळीच्या वर आवाज जाऊच न देणारी उपकरणं ध्वनिव्यवसायात रोज वापरली जातात. मशीद, मंदिर, मंडळ, लग्नाचा हॉल सगळ्यांना एकच पेटी लावा. आणि जिथे मोजणी होईल तिथली जागा, वेळ आणि आकडा जाहीर करा, म्हणजे कुणाला मोजलं आणि कुणाला सोडलं हेही दिसेल.

कायद्याच्या आवाक्याबाहेरचं बरंच काही आपल्या हातात आहे. घरात कुणी आवाजाला कान झाकत असेल, विशेषतः मूल, तर त्याला भित्रं म्हणू नका, ऑडिओलॉजिस्टकडे न्या. वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत वाचा आणि श्रवण याच विषयाचं काम चालतं. कानाच्या साध्या चाचणीवर थांबू नका, आवाजाच्या सहनशक्तीची चाचणी मागा. शाळेत अशा मुलाला घंटेपासून लांबचा बाक द्या. कचेरीत एक शांत कोपरा ठेवा. तो फक्त माझ्या उपयोगाचा नसतो. मशिदीच्या, मंडळाच्या, सोसायटीच्या बैठकीत आवाजाचा विषय निघाला की आधी त्या स्पीकरला सर्वात जवळ राहणाऱ्या माणसाला बोलू द्या. त्याचा मजहब विचारण्याची गरज पडणार नाही, कारण बहुधा तो आपल्यापैकीच निघेल.